नागाहामांचा बॉयलर आणि इगाचे दाणे

आमच्या बाजारगल्लीत गरम कोट कधी उतरवायचा हे हवामान खातं ठरवत नाही, हिसानो नागाहामा ठरवतात. मार्चमध्ये त्यांच्या लाँड्रीच्या काचेवर पाटी लागते, 'लोकरीचे कपडे घेणे सुरू', आणि आमच्या ताकेहारा गावाच्या या टोकाची थंडी तिथे संपते. त्यानंतर तुमचे दात वाजत असतील तर तो तुमचा खाजगी प्रश्न. पाच-सहा वर्षांपूर्वी पाटी लागून आठ दिवस झाले असताना मी मफलर गुंडाळून माझ्या चहाच्या दुकानाबाहेर झाडत होतो. समोरून हिसानोसान म्हणाल्या, "ओगिनोसान, आजारी आहात का?"

"नाही हो. गारठा आहे."

"गारठा कसला? वसंतसंपात होऊन गेला की!"

असं म्हणून त्या रस्ता ओलांडून आल्या आणि मफलर माझ्या गळ्यातून काढून घेऊन गेल्या. तो धुऊन, घडी करून, बिलासकट परत आला.

थंडी आणि उकाडा, दोघांची मुदत संपातापर्यंत, म्हणजे दिवस-रात्र सारखे होतात त्या दिवसापर्यंत, असं आमच्याकडे म्हणतात. बाकीचे नुसतं म्हणतात, हिसानोसान पाळतात. वसंतसंपाताला सकाळी थडग्यांवर फुलं, दुपारी शेजारच्या फुमियोबाईंच्या मिठाईच्या दुकानातले ओहागी, म्हणजे घेवड्याच्या गोड पुरणातले भाताचे गोळे, आणि उजेड आहे तोवर घरातला रॉकेलचा स्टोव्ह पुसून, टाकी रिकामी करून, जुन्या चादरीत बांधून माळ्यावर. एकोणचाळीस वर्षं यात खंड नाही. लग्नाच्या पहिल्या वर्षी सासूबाई म्हणाल्या होत्या म्हणे, "अजून चार दिवस राहू दे गं." सासूबाई गेल्या, पण स्टोव्ह वेळेवर माळ्यावर जातो.

बाई कामाला मात्र चोख. डागांच्या बाबतीत तर साऱ्या गावात त्यांचा शब्द शेवटचा. डाग घेऊन गेलात की पहिला प्रश्न, "कशाचा?" तुम्ही म्हणालात 'माहीत नाही', तर कपडा बाजूला. कॉफीचं औषध रक्ताला लावलं तर डाग जन्माचा बसतो, म्हणून डाग कशाचा ते कळल्याशिवाय बाटलीचं बूच उघडायचं नाही. हे त्यांनी मला इतक्या वेळा ऐकवलंय की मी झोपेत म्हणून दाखवीन. पुढच्या गोष्टीसाठी तेवढं लक्षात असू द्या.

तर या घरात एक हेजहॉग आहे. मुठीएवढा, वरून सगळे काटे, खालून पांढरं मऊ पोट, पुढे ओलं टोकदार नाक. चेस्टनटच्या काटेरी टरफलावरून नाव ठेवलं इगा. पाळला मुलीनं. तिला नागोयाला नोकरी लागली आणि तिथल्या खोलीत जनावरं चालत नाहीत, म्हणून तो आईकडे आला. हिसानोसाननी पहिल्या दिवशी त्याच्याकडे पाहून एवढंच विचारलं होतं, "हा धुता येतो का?"

तीन वर्षांत त्यांचं असं झालं की रोज सकाळी दुकान उघडण्याआधी त्या इगाचे दाणे मोजतात. हा प्राणी दिवसा झोपतो आणि माणसं झोपली की जेवतो. संध्याकाळी बशीत चाळीस दाणे टाकायचे, सकाळी उरलेले मोजायचे, आणि किती खाल्ले ते लाँड्रीच्या गुलाबी चिठ्ठीवर लिहून खिळ्याला अडकवायचं. शर्टाला लावतात तीच चिठ्ठी. गिऱ्हाईकाच्या नावाच्या जागी 'इगा', कपड्याच्या जागी 'दाणे'. शेरा असेल तर खाली शेरा. सदतीस, अडतीस, चाळीस. हा गडी वर्षानुवर्षं एकदाही पस्तिशीच्या खाली गेला नव्हता.

हिसानोसानचे यजमान तामोत्सु. त्यांच्याविषयी सांगण्यासारखं फार नाही, कारण त्यांनी स्वतः काही सांगितलेलं नाही. चाळीस वर्षं ते दुकानामागच्या खोलीत वाफेच्या इस्त्रीवर उभे होते. सकाळी सहाला बॉयलर पेटवायचा, साडेसहाला वाफ, संध्याकाळी सहाला बंद. त्यांच्या हातची शर्टाची कॉलर बघून बँकेतले लोक एकमेकांना ओळखत. बोलण्यात त्यांचे शब्द दोन, 'हं' आणि 'हंऽ'. पहिला होकार. दुसरा काय ते हिसानोसानलाही नक्की माहीत नसावं.

मागच्या वर्षी तामोत्सुसानचा खांदा धरला. हिसानोसाननी हिशेबी डोक्यानं निर्णय घेतला: आता आपण फक्त कपडे घ्यायचे, धुणं-इस्त्री शेजारच्या शहरातल्या कारखान्यात, कपडे प्लास्टिकमध्ये टांगून परत येतील. फेब्रुवारीच्या शेवटच्या दिवशी बॉयलर विझला. वीस एप्रिलला भंगारवाला येऊन तो उचलून नेणार हेही ठरलं. नवऱ्याला विचारलं तेव्हा तो म्हणाला, "हंऽ." हिसानोसाननी तो होकार धरला.

मार्चचे पहिले तीन आठवडे बरे गेले. संपाताला ठरल्याप्रमाणे थडगी, ओहागी, आणि स्टोव्ह माळ्यावर. तिसऱ्या दिवशी चिठ्ठीवर आकडा आला तेहेतीस. मग एकोणतीस. मग चोवीस.

सहाव्या दिवशी हिसानोसान माझ्याकडे चहापत्ती घ्यायला आल्या आणि पुडा हातात घेऊन तशाच उभ्या राहिल्या. मी म्हटलं, "काय झालं?"

"बावीस," त्या म्हणाल्या.

फुमियोबाई माझ्याकडेच बसलेल्या होत्या. त्या अकरा वाजता माझ्याकडे फुकटचा चहा पितात आणि मोबदल्यात बातम्या देतात. सौदा मला परवडतो. त्या म्हणाल्या, "वय झालं असेल हो त्याचं. माझ्या सासऱ्यांचंही असंच झालं. आधी भात कमी केला, मग लोणचं सोडलं, मग..."

"फुमियोसान, तो चार वर्षांचा आहे."

"त्याच्या हिशेबात सत्तरीला आला की मग! नाहीतर कंटाळला असेल. रोज तेच तेच दाणे. तुम्हाला कोणी रोज सुकट दिली तर?"

ही कंटाळ्याची गोष्ट हिसानोसानना पटली. इथेच त्यांचं चुकलं. जी बाई डाग कशाचा ते कळल्याशिवाय बूच उघडत नाही, तिनं त्या आठवड्यात सगळी बुचं उघडली. दाण्यांची कंपनी बदलली. इगानं नवे दाणे हुंगले आणि बशी नाकानं भिंतीपर्यंत ढकलून दिली. मग उकडलेलं अंडं. मग वाळलेल्या अळ्या, ज्या त्यांनी हातमोजे घालून, तोंड दुसरीकडे वळवून टाकल्या. आकडा अठरा, एकोणीस, सोळा.

आणि एप्रिलच्या पाच तारखेला एकदम एकतीस! आदल्या संध्याकाळी बशीत उकडलेल्या कोंबडीचे बारीक तुकडे टाकले होते. शेऱ्यात ठळक लिहिलं गेलं, 'कोंबडी'. दुसऱ्या दिवशी कोंबडी, चौदा. तिसऱ्या दिवशी कोंबडी, अकरा. चौथ्या दिवशी कोंबडी आम्ही शेजाऱ्यांनी खाल्ली.

चार तारखेला दुपारी, म्हणजे पहिली कोंबडी बशीत पडण्याआधी, आणखी काय झालं होतं ते चिठ्ठीवर नव्हतं. शाळांचा प्रवेश समारंभ जवळ आला होता. गल्लीतल्या सहा-सात आयांना गणवेश आयत्या वेळी हवे होते आणि कारखान्याला सांगायला उशीर झाला होता, म्हणून हिसानोसान दुपारभर मागच्या खोलीत, इगाच्या पिंजऱ्याला खेटून, साध्या इस्त्रीनं गणवेश करत बसल्या होत्या. हे आम्हा सगळ्यांच्या डोळ्यांसमोर घडलं. पण आम्ही बशीत बघत होतो.

आता या गोष्टीची दुसरी बाजू. ती बातमी फुमियोबाईंनीच आणली.

"ओगिनोसान, कोणाला सांगू नका."

"सांगेन की नाही ते बातमी ऐकून ठरवतो."

"तामोत्सुसान रोज दोन वाजता बंदराकडे जातात. दोन तासांनी परत. आणि जेवत नाहीत म्हणे! परवा मी ताटली द्यायला गेले तर वाटीभर भात तसाच. बंदरावर त्या विधवेची खानावळ आहे ना..."

"फुमियोसान, त्या बाई ऐंशीच्या आहेत."

"स्वयंपाक चांगला करतात," फुमियोबाई म्हणाल्या.

मी तामोत्सुसानचा पाठलाग केला असं कोणी म्हणू नये. मलाही त्याच वेळी, त्याच दिशेला, त्याच चालीनं जायचं होतं. ते खानावळीवरून पुढे गेले, मासळीच्या शीतगृहावरून पुढे गेले, आणि नाणी टाकून कपडे धुण्याचं ते नवं दुकान आहे ना, आत दहा-बारा यंत्रं आणि माणूस एकही नाही, त्यात शिरले. कपड्याची पिशवीसुद्धा नव्हती बरोबर. काचेतून पाहिलं तर तीन नंबरचं सुकवायचं यंत्र फिरत होतं, कोणाच्या तरी चादरी होत्या त्यात. तामोत्सुसान त्याला पाठ टेकून जमिनीवर बसले होते. डोळे मिटलेले. यंत्राबरोबर त्यांचे गुडघे थरथरत होते.

नागाहामा लाँड्रीचा मालक असल्या दुकानात! आमच्या गल्लीत ही बातमी खानावळीपेक्षा भारी होती. आणि मी ती कोणालाही सांगितली नाही. तब्बल पाच दिवस. माझ्या आयुष्यातला हा विक्रम आहे. याआधीचा पाऊण तासाचा होता.

दहा तारखेला सकाळी चिठ्ठीवर शून्य आलं. इगा पिंजऱ्यात उभा राहायला बघत होता आणि मागचे पाय फाकत होते. हिसानोसान चपला न बदलता, घरातल्याच घालून, माझ्या दारात आल्या. यावरून काय ते समजा. माझ्याकडे चहाचे खोके पोचवायची छोटी गाडी आहे. मी गाडी काढली. तामोत्सुसान आधीच खोकं घेऊन मागे बसले होते. वाटेत त्यांनी इगाला खोक्यातून काढलं, स्वेटरच्या आत पोटावर धरलं, आणि काटे टोचत असणार, पण 'हं'सुद्धा केलं नाही.

"मुलगी मेच्या सुट्टीला येतेय," हिसानोसान पुढच्या काचेकडे बघत म्हणाल्या. "तिला मी काय दाखवू? चिठ्ठ्या?"

जनावरांच्या डॉक्टर साकाशिता तरुण बाई. त्यांनी आधी वजन केलं. चारशे दहा ग्रॅमचा इगा तीनशे पंचावन्नवर आला होता. मग तोंड उघडून दात पाहिले, हिरड्या पाहिल्या, पोट दाबून पाहिलं. दात उत्तम होते.

"खाणं कधीपासून कमी झालं?"

हिसानोसाननी पर्समधून गुलाबी चिठ्ठ्यांचा गठ्ठा काढून टेबलावर ठेवला. डॉक्टरांनी एकेक वाचली. मला वाटतं, त्यांना हसू आलं होतं, पण त्यांनी ते गिळलं.

"एवढं नीट कोणी लिहून आणत नाही हो. तेवीस मार्चपासून. त्याच्या आधी घरात काय बदललं?"

"काही नाही."

"जागा? आवाज? नवीन माणूस?"

"काही नाही. सगळं दरवर्षीसारखं."

"मग जेवण का बदललंत? दाणे, अंडं, अळ्या, कोंबडी. बाई, हा प्राणी खायचा कमी झाला की आपण सगळे बशीकडे धावतो. पण त्याचं खाणं सुटायला कारणं पुष्कळ असतात. दात दुखतात, वय होतं, घाबरतो, जागा बदलते. नवं खाणं दिलं की ते अनोळखी म्हणून आणखी सोडतो. आधी कारण शोधायचं असतं."

हे वाक्य ऐकून हिसानोसानचे कान लाल झाले. मी भिंतीवरचं कुत्र्यांच्या लशीचं चित्र फार लक्षपूर्वक बघायला लागलो.

डॉक्टरांनी इगाच्या पोटावर बोटं ठेवली. मग हिसानोसानची बोटं धरून तिथे ठेवली. "काय वाटतं?"

"गार," हिसानोसान म्हणाल्या.

"याचे पूर्वज आफ्रिकेतले. याला पंचवीस अंश लागतात. थंडी वाजली की हा आधी खाणं कमी करतो, मग अर्धवट झोपेत जातो, आणि याच्या जातीला त्या झोपेतून उठता येत नाही. खोलीत काय तापमान असतं?"

"चौदा असेल. पण स्टोव्ह मी दरवर्षी संपातालाच काढते, डॉक्टर! तीन वर्षं हा याच घरात आहे. काही झालं नाही त्याला."

तेव्हा कोपऱ्यातून आवाज आला. तो कोणाचा हे कळायला मलासुद्धा क्षण लागला.

"भिंत गार आहे."

"कुठली भिंत?" हिसानोसान वळल्या.

"आपली. बॉयलरची." तामोत्सुसान जमिनीकडे बघत होते. "त्याचा पिंजरा तिकडच्या बाजूनं. मी इकडच्या बाजूनं टेकतो. पहाटेपर्यंत कोमट असायची. फेब्रुवारीपासून गार."

एका दमात एवढी वाक्यं. मी मोजली, सहा. म्हणजे बॉयलर विझल्यावर इगाला ऊब होती ती एकट्या स्टोव्हची, आणि संपाताला तोही माळ्यावर गेला.

"मग बोलला का नाहीत?"

"हंऽ," तामोत्सुसान म्हणाले.

डॉक्टरांनी इगाला गरम पाण्याच्या पिशवीवर ठेवलं, सुईनं पाणी दिलं आणि पिंजऱ्याखाली ठेवायला विजेचा एक पातळ गरम पत्रा दिला. जुनेच दाणे द्या, म्हणाल्या, आणि दुसरं काही नको.  परत येताना गाडीत मी एकदा म्हणालो, "छान ऊन पडलंय." हिसानोसाननी खिडकीची काच वर केली.

पहिल्या दिवशी सहा. मग पंधरा. मग तेवीस. चौदा तारखेला अठ्ठावीस आले तेव्हा फुमियोबाईंनी आपणहून ओहागी पाठवले, मोसम संपलेला असूनही. माझ्याकडे बसून त्या म्हणाल्या, "चला, एक काळजी मिटली. पत्र्यानं काम केलं. आता वीस तारखेला बॉयलर गेला की मागची खोलीही मोकळी."

त्याच दिवशी संध्याकाळी हिसानोसान आल्या. चहा घ्यायला नव्हे. चहा त्यांनी आदल्याच दिवशी नेला होता.

"ओगिनोसान, तुम्ही जाणूनबुजून गप्प आहात."

"मी? मी कधी गप्प असतो?"

"तेच म्हणते. पाच दिवस झाले, तुम्ही माझ्याकडे बघून हसत नाही. सांगा काय ते. इगाचे दाणे मी मोजत होते, पण घरातला भात कोणी मोजला नाही. काल पातेल्यात बघितलं. हे फेब्रुवारीपासून अर्धी वाटी खातायत. मला वाटलं, खांदा दुखतो म्हणून."

मग मी सांगितलं. खानावळ गाळली, तेवढं सौजन्य माझ्यात आहे. बाकी सगळं सांगितलं: बंदर, दोनची वेळ, काच, चादरी.

मला वाटलं होतं, बाई भडकतील. लाँड्रीवाल्याच्या घरची अब्रू! त्यांनी माझ्या तराजूवरची चहाची भुकटी रुमालानं पुसली.

"कुठल्या यंत्राला पाठ लावून?"

"तीन नंबरच्या."

"ते नीट गरम होत नाही," हिसानोसान म्हणाल्या आणि निघून गेल्या. त्या तिथे कधी जाऊन आल्या होत्या, ते मी अजून शोधतो आहे.

वीस तारखेला भंगारवाला ट्रक घेऊन आला, दोन माणसं, साखळ्या, सगळा सरंजाम. हिसानोसान दारात उभ्या. हातात फुमियोबाईंच्या दुकानातला मिठाईचा डबा.

"तुम्हाला उगीच खेप पडली. बॉयलर नाही द्यायचा."

"अहो बाई, ठरलं होतं ना!"

"ठरलं होतं. पण घरात हेजहॉग आहे. आफ्रिकेचा. त्याला पंचवीस अंश लागतात. डॉक्टरांनी सांगितलंय."

भंगारवाल्यानं बॉयलरकडे पाहिलं. माणसाच्या उंचीचा लोखंडी रांजण तो. मग त्यानं मुठीएवढ्या इगाकडे पाहिलं. "एवढ्याशा जिवाला?"

"जीव एवढासा असला तरी हट्टी आहे," हिसानोसान म्हणाल्या आणि डबा त्याच्या हातात ठेवला.

एकवीस तारखेपासून सकाळी सहाला बॉयलर पेटतो आणि दुपारी बाराला विझतो. खांद्याला झेपतील तेवढेच, रोजचे वीस शर्ट. बाकी कारखान्यात. बँकेतल्या लोकांनी पहिल्याच आठवड्यात कॉलर ओळखली. तामोत्सुसान दोन वाजता बंदरावर जात नाहीत. घरात भिंतीला टेकून बसतात. भिंतीपलीकडे इगा झोपलेला असतो.

गल्लीत सगळे आता म्हणतात, नागाहामांनी हेजहॉगसाठी बॉयलर ठेवला, काय पण माया! हिसानोसान कोणाचं खोडत नाहीत. मी मात्र परवा जपून ठेवलेला जुना मफलर धुवायला देण्याच्या निमित्तानं मागे गेलो होतो, आणि सहज वाकून पिंजऱ्याखाली हात घातला. विजेचा पत्रा चालू होता, चांगला उबदार. इगाला बॉयलरची काडीचीही गरज नव्हती. मान वर केली तर हिसानोसान माझ्याकडे बघत होत्या.

"ओगिनोसान, काही हरवलंय का?"

"नाही हो. सापडलं."

"मग मफलर ठेवा आणि दुकान सांभाळा."

जाता जाता खिळ्यावरच्या चिठ्ठीकडे नजर गेली. पूर्वी तिथे एकच आकडा असायचा. आता दोन असतात. त्या दिवशी होतं, 'इगा: दाणे ३८', आणि त्याच्या खाली, कोणाच्याही नावाशिवाय, नुसता '२'. फुमियोबाईंनी याची चौकशी आधीच केली होती. हिसानोसाननी त्यांना सांगितलं, शर्टांचा आकडा आहे.

तामोत्सुसानच्या हाताखालून रोज वीस शर्ट जातात. पण भाताच्या वाट्या, मी विचारून घेतलंय, दोन.